अर्जातले अंश आणि मिनिटे

शैक्षणिक संस्थांना स्वतःचे छोटे रेडिओ केंद्र चालवण्याची मुभा २००२ सालच्या धोरणाने दिली. २००६ मध्ये ती स्वयंसेवी संस्थांनाही मिळाली. केंद्राला परवानगी माहिती व प्रसारण मंत्रालय देते, पण वारंवारता आणि मनोरा यांची मंजुरी दूरसंचार विभागाची. हा दुसरा अर्ज ‘सरल संचार’ या संकेतस्थळावर भरायचा असतो. कागदांचे गठ्ठे पाठवण्यापेक्षा हे केव्हाही बरे, याबद्दल आमचे दुमत नाही. आमची तक्रार वेगळी आहे. अर्ज भरून घेणारे सॉफ्टवेअर आकडे मागते. त्या आकड्यांचा अर्थ अर्जदाराला कळला आहे की नाही, हे त्याला कसे कळणार?

छत्रपती संभाजीनगरचेच उदाहरण घेऊ. शहराचे स्थान साधारण १९ अंश ५३ मिनिटे उत्तर आणि ७५ अंश २० मिनिटे पूर्व. कुणी घाईघाईत हेच १९.५३ आणि ७५.२० असे दशांशात लिहिले तर? ५३ मिनिटे म्हणजे ५३ भागिले ६०, म्हणजे ०.८८ अंश, ०.५३ नव्हे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा. तेव्हा मनोरा ३९ किलोमीटर दक्षिणेला आणि १४ किलोमीटर पश्चिमेला सरकला. नकाशा उघडून पाहा, तो नाथसागराच्या परिसरात उभा आहे! हसू येते खरे, पण मनोरा विमानांना अडथळा ठरेल का, हेही या मंजुरीत पाहिले जाते. शहरालगतचा चिकलठाण्याचा विमानतळ आता कागदावर ४० किलोमीटर दूर गेला. आकडे दिसायला निर्दोष आहेत, चौकटीही भरलेल्या आहेत.

उंचीचा घोटाळा याहून फसवा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे, तर सामुदायिक रेडिओच्या अँटेनाला २००६ च्या धोरणाने जमिनीपासून ३० मीटरची मर्यादा घातली. रेडिओ क्षितिजाचे ढोबळ सूत्र असे: मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून ४.१ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. ३० मीटरला साधारण २२ किलोमीटर येतात, ६०० मीटरला १००. दुसरे उत्तर आपल्या उपयोगाचे नाही, कारण ऐकणारासुद्धा त्याच पठारावर बसला आहे.

म्हणून अर्जाला हात लावण्याआधी ‘रेडिओ मोबाइल’ वापरून पाहावे असे आम्ही सुचवतो. कॅनडातील हौशी बिनतारीवाले रॉजर कुदे यांनी ते तयार करून फुकट दिले आहे. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ यानाने रडारने मोजलेल्या जमिनीच्या उंच्या ते वापरू शकते. देवगिरीच्या डोंगरामागे लहरी कशा कमजोर पडतात, ते नकाशावर रंगांत दिसते. स्थान चुकले तर नकाशाच भलतीकडचा उघडतो, म्हणजे चूक तिथल्या तिथे पकडली जाते. दोषही आहेत. महाजालावरची आवृत्ती हौशी रेडिओसाठी आहे. सामुदायिक रेडिओची वारंवारता हवी तर मूळ सॉफ्टवेअर संगणकावर उतरवावे लागते, आणि ते नवख्याला गोंधळवते. शिवाय २००० नंतर उभ्या राहिलेल्या इमारती त्या उंच्यांमध्ये नाहीत, आणि दाट झाडीचे शेंडे कधी कधी जमीन म्हणून मोजले गेले आहेत.

केंद्र काढायचे नसले, तरी आपल्या शाळेच्या गच्चीसाठी हे जरूर करून पाहावे. मिनिटांचे दशांश मुलांकडून हातानेच करून घ्यावेत. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर. मैदानाच्या उत्तर आणि दक्षिण टोकांच्या स्थानांत किती सेकंदांचा फरक येतो ते आधी काढावे, आणि मग टेप घेऊन मैदान मोजावे.