एकोणीस पत्रे

एकोणिसाव्या शतकातील ज्यू धर्मविचारातील एक महत्त्वाचा पत्ररूप जर्मन ग्रंथ. ओल्डनबुर्क येथील प्रमुख धर्मगुरू (रबी) झामझोन राफाएल हिर्श (१८०८–८८) ह्याने तो लिहिला व १८३६ मध्ये अल्टोना येथे ‘बेन उझिएल’ ह्या टोपणनावाने प्रसिद्ध केला. धर्माज्ञांचे विवरण करणाऱ्या होरेब ह्या त्याच्या मोठ्या ग्रंथाविषयी प्रकाशक साशंक असल्यामुळे वाचकांचा कौल अजमावण्यासाठी हे छोटे पुस्तक आधी काढण्यात आले.

हा पत्रव्यवहार काल्पनिक आहे. पहिले पत्र बेंजामिन ह्या सुशिक्षित तरुणाचे आहे. धर्मनियमांनी ज्यूंना सुख, कला व इतर समाजाचा सहवास ह्यांपासून दूर ठेवले, मग ते का पाळावेत, असा त्याचा प्रश्न आहे. उरलेल्या अठरा पत्रांत त्याचा मित्र, तरुण रबी नाफ्ताली, उत्तर देतो. सुख हे जीवनाचे माप मानणेच त्याला मान्य नाही. तोरा हा धर्मग्रंथ बाहेरच्या कसोट्या न लावता, त्याच्या स्वतःच्या भूमिकेवरून वाचावा, असे तो म्हणतो. निसर्गातील घटनांप्रमाणे धर्माज्ञाही वस्तुस्थिती म्हणून स्वीकाराव्यात आणि नंतर त्यांचा अर्थ शोधावा, ही त्याची व्याख्यानपद्धती होय. त्यानुसार शब्बाथचा कर्मत्याग म्हणजे केवळ विश्रांती नसून, सृष्टीवर ईश्वराची सत्ता असल्याची मानवाने दिलेली कबुली ठरते.

ह्या पद्धतीमुळे रूक्ष वाटणाऱ्या आचारांना नैतिक आशय लाभला. तथापि तिच्यात एक विसंगती आहे. परक्या तत्त्वज्ञानातून धर्माकडे पाहिल्याचा दोष हिर्श मैमोनिडीझला देतो. परंतु इतिहास म्हणजे मानवजातीचे शिक्षण, ही त्याची स्वतःची मांडणी जर्मन प्रबोधनकालीन विचारांशी जवळचे नाते सांगते. त्याने दिलेल्या शब्दव्युत्पत्तीही तुलनात्मक भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत. शिवाय एका पत्रानंतर बेंजामिन पुन्हा लिहीत नाही; त्यामुळे संवाद एकतर्फी होतो.

बेंजामिनची बाजू प्रत्यक्षात इतरांनी मांडली. हिर्शचा बॉन विद्यापीठातील सहाध्यायी व सुधारणावादी पंडित आब्राहाम गायगर ह्याने आपल्या नियतकालिकातून ग्रंथावर टीका केली. धर्मनियम इतिहासक्रमात घडले असल्याने ते बदलूही शकतात, अशी त्याची भूमिका होती. उलट, धर्मश्रद्धा डळमळलेला तरुण हाइन्रिख ग्रेट्स ही पत्रे वाचून प्रभावित झाला आणि १८३७ ते १८४० ह्या काळात हिर्शकडे शिष्य म्हणून राहिला. पुढे मात्र तोच ज्यू इतिहासकार म्हणून ऐतिहासिक पद्धतीकडे वळला व हिर्शच्या कठोर टीकेचा विषय झाला. पत्रांनी त्याला धर्माकडे परत आणले. त्याच्या इतिहासविषयक जिज्ञासेचे समाधान मात्र त्यांतून झाले नाही.

धर्मनियमांचे पूर्ण पालन व आधुनिक शिक्षण ह्यांचा मेळ घालणाऱ्या नवसनातनी पंथाचा हा आद्य जाहीरनामा मानला जातो. बर्नार्ड ड्राकमनकृत इंग्रजी भाषांतर १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले. हिर्शच्या उत्तरांइतकेच ग्रंथाचे मोल त्याने विरोधी शंकेला दिलेल्या निर्भीड शब्दरूपात आहे.