चेट बेकरनंतर कोण?

चेट बेकर आवडला की ॲप पुढे पॉल डेझमंड लावतं, मग स्टॅन गेट्झ, आणि तासाभरात सगळे एकाच माणसाने वाजवल्यासारखे वाटायला लागतात. आवाज मऊ, लय सैल, बाहेर पाऊस असेल तर उत्तमच. हे साम्य खोटं नाही. पण त्याच्या नादात वादक हरवतात, ही माझी तक्रार आहे.

बेकरसारखा आणखी कोण, हे आवाजाच्या मऊपणावरून ठरवण्याऐवजी तो कुठल्या बँडमध्ये काय करत होता ते बघू. १९५२ साली लॉस एंजेलिसमध्ये जेरी मलिगनने त्याला घेऊन चौकडी उभी केली, तिच्यात पियानो नव्हता. म्हणजे खाली कॉर्ड अंथरून देणारं कुणी नाही. ट्रम्पेट आणि बॅरिटोन सॅक्सोफोन, दोघांनी एकमेकांच्या मोकळ्या जागा सांभाळायच्या. बेकरचा हळुवारपणा लोकांना उदास वाटतो. मला तो निदान निम्मा तरी शेजारच्याचं नीट ऐकण्यातून आलेला वाटतो.

म्हणून बेकरनंतर आर्ट फार्मर. मलिगनच्या ‘व्हॉट इज देअर टू से?’ या १९५९च्या अल्बममध्ये तो बेकरच्याच जागी उभा आहे, पुन्हा पियानोशिवाय. बेकर गातो तसा वाजवतो; फार्मर प्रत्येक सूर तोलून ठेवतो. तरीही ‘कूल’ म्हटल्यावर फार्मर पटकन कुणाला आठवत नाही. तो कृष्णवर्णीय होता आणि हा शिक्का कॅलिफोर्नियातल्या गोऱ्या वादकांना जास्त चिकटला, हे त्यामागचं एक कारण असणारच. गंमत म्हणजे ज्या ‘बर्थ ऑफ द कूल’वरून हे नाव रुळलं, ती १९४९-५०ची रेकॉर्डिंग्ज माइल्स डेव्हिसच्या नावावर आहेत. आणि त्याच्याही आधी, १९३६ मध्येच, लेस्टर यंग टेनर सॅक्सोफोन असा हलका वाजवत होता.

लेस्टर यंगपासून दुसरी वाट फुटते, ती आपल्या कानांना ओळखीची वाटेल. लेनी ट्रिस्टॅनो आपल्या शिष्यांना यंगचे सोलो आधी गळ्यातून गायला लावायचा. तालीमच ही. त्यातून ली कोनिट्झ आणि वॉर्न मार्श तयार झाले. दोघांचा १९५५चा एकत्र अल्बम ऐकताना अल्टो कुठे संपतो आणि टेनर कुठे सुरू होतो, कळत नाही. घराण्याचं साम्य म्हणतात ते हे.

पण कोनिट्झचा खरा अल्बम ‘मोशन’, १९६१चा. फक्त तिघे: कोनिट्झ, बासवर सॉनी डॅलस, ड्रम्सवर एल्विन जोन्स. तोच जोन्स, जो तेव्हा जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीत वादळ उठवत होता. गाणी जुनी, सगळ्यांच्या ओळखीची. मूळ चाल मात्र कोनिट्झ जवळजवळ सांगतच नाही. मागे जोन्स उसळतोय आणि हा कोरड्या, सरळ आवाजात एकेक वाक्य जुळवत चाललाय, कुठेही आवाज न चढवता. हे लावून अभ्यास होत नाही. मी करून पाहिलाय. दुसऱ्या गाण्यापर्यंत पुस्तक मिटलेलं असतं.