उभ्यानं, पानावर, निवांत

इंदिरानगरला काय काय खायला मिळतं, असं विचारलं की लोक यादी सांगतात: उडपी, आंध्रचं, बर्मी, मेक्सिकन, इटालियन. यादी खरीच आहे. पण बंगळूरच्या या भागाचं खरं वैभव मला खाणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या वेळेत दिसतं. शंभर फुटी रस्ता, सीएमएच रोड आणि बारावा मेन एवढ्या टापूत दहा मिनिटांचं खाणं आहे, अर्ध्या तासाचं आहे आणि अख्ख्या संध्याकाळचंही आहे. प्रत्येकाची रीत वेगळी.

दहा मिनिटांचं खाणं दर्शिनीत. आर. प्रभाकर यांच्या कल्पनेतून १९८३ साली जयनगरात कॅफे दर्शिनी निघालं आणि ही पद्धत शहरभर पसरली. आधी पैसे भरून कूपन घ्यायचं, खिडकीतून ताटली उचलायची, उंच टेबलाशी उभं राहून खायचं. बसायला जागा नाही, म्हणून गिऱ्हाईक अडून राहत नाही. थोड्या जागेत पुष्कळ माणसं जेवून जातात आणि भाव आवाक्यात राहतो. इथला चाऊ चाऊ बात नीट निरखून खावा असा आहे. एका ताटलीत दोन मुदी: एक तिखट खारा बात, एक तुपानं चकाकणारा केसरी बात. आपल्याकडे उपमा सकाळचा आणि शिरा प्रसादाचा, दोघांची गाठ क्वचितच पडते. इथे ते शेजारी बसतात, आणि दोन्ही एकाच रव्याचे. मोहरी-कढीपत्त्याच्या तिखट घासानंतर केसरीचा गोड घास घ्यावा, पुन्हा चटणीकडे वळावं. हा क्रम कोणी शिकवत नाही, ताटलीच तो सुचवते. शेवटी डबरा-टंबलरमधली कॉफी, दोघांत ‘बाय टू’. २०२१ मध्ये सुरू झालेल्या रामेश्वरम् कॅफेच्या इथल्या शाखेत तूप-पोडीच्या (चटणीपुडीच्या) डोशासाठी जी झुंबड उडते, तीही याच उभ्यानं खाण्याच्या सवयीवर पोसलेली आहे.

अर्ध्या तासाचं खाणं केळीच्या पानावर. नागार्जुनसारख्या आंध्र जेवणघरात वाढपी थांबतच नाहीत. गरम भात, पप्पू म्हणजे डाळ, पोडी, वर तूप, बाजूला गोंगुरा म्हणजे अंबाडीची चटणी. पानावर बसलेल्या माणसाला निवड करत बसायचं नसतं, फक्त हात आडवा धरून ‘पुरे’ म्हणायचं असतं. या आग्रहात मला पंगत दिसते, आणि मराठी माणूस इथे लगेच रुळतो.

संध्याकाळ मात्र निवांत बसणाऱ्यांची. २०१० साली शंभर फुटी रस्त्यावर टॉइट आलं. तिथेच गाळलेली बिअर मिळते, एक तर बासमती तांदूळ घालून केलेली. आसपासची कित्येक उपाहारगृहं जुन्या घरांत आहेत. बैठ्या बंगल्यांची ही वसाहत. सैन्यातली आणि एचएएल या विमान कारखान्यातली पुष्कळ कुटुंबं इथे राहत आली. आयटी आलं, भाडी चढली आणि पोर्चमध्ये टेबलं लागली. खोल्या घराच्या मापाच्या आणि झाडं मूळ मालकांनी लावलेली, म्हणून इथे बसणं मॉलमधल्या जेवणापेक्षा कितीतरी सुखाचं वाटतं. शेजारच्या घरात अजून राहणाऱ्यांची झोप मात्र यात जाते. त्यांची तक्रार रास्त आहे, आणि ती ऐकली गेलीच पाहिजे.

मराठी खवय्यानं शहर सोडण्याआधी मिलिटरी हॉटेलही गाठावं, मग त्यासाठी इंदिरानगरबाहेर जावं लागलं तरी चालेल. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. त्या काळापासून इथे राहिलेल्या मराठी घराण्यांनी अशा सामिष खाणावळी चालवल्याचं शहरात आवर्जून सांगितलं जातं; जयनगरचं शिवाजी मिलिटरी हॉटेल त्यातलं नामांकित. कोथिंबीर-पुदिन्याच्या हिरव्या वाटणाची, बारीक तांदळाची बिर्याणी तिथे पानाच्या द्रोणात येते. ती दुपारीच खावी, उशीर केला की संपते.