बर्फ नसलेल्या गावातली हिवाळी चित्रपुस्तके

नरखेड तालुक्यातल्या लहान मुलाला ‘बर्फ’ म्हटले की उन्हाळा आठवतो. भुशात झाकलेली लादी, रसवंती, रंगीत पाक ओतलेला गोळा. थंडीच्या दिवसांत आकाशातून काही पडलेच तर ती गार. आणि गार पडली की मोठी माणसे हरखत नाहीत, संत्र्याच्या बागेची काळजी करतात. मग बर्फ, शेगडी आणि उबदार घर यांवर उभी असलेली परदेशी हिवाळी चित्रपुस्तके आपण तीन-चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन वाचावीत का?

याची दोन सोपी उत्तरे दिली जातात. एक : ते आपले नव्हे, सोडून द्या. दुसरे : मुलाच्या कल्पनेला सीमा नसते, काहीही वाचा. दोन्ही उत्तरांत पुस्तक उघडून पाहण्याचे कष्ट टाळलेले असतात. थंडी तर आपल्याकडेही आहे. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपूरचे किमान तापमान 3.5 अंशांवर आले होते. म्हणून पुस्तक निवडताना त्यात बर्फ आहे की नाही, हे गौण मानावे. त्यातला गारठा मुलापर्यंत पोचतो का, ऊब कोणाकडून मिळते आणि ती गोष्ट आपल्या बोलीत सांगता येते का, हे पाहावे.

एझ्रा जॅक कीट्स यांचे ‘द स्नोई डे’ 1962 मध्ये आले. 1963 मध्ये त्याला अमेरिकेतले कॅल्डेकॉट पदक मिळाले. पीटर हा कृष्णवर्णीय मुलगा त्याचा नायक. मजकुरात मात्र त्याच्या वर्णाचा उल्लेखही नाही. लाल कपड्यांतला पीटर बर्फात पाऊलखुणा उमटवतो आणि बर्फाचा एक गोळा खिशात घालून घरी आणतो. आई त्याचे ओले मोजे काढते. पुढे तो खिसा चाचपतो, तर खिसा रिकामा. गार वेचून मुठीत धरलेल्या मुलाला हे पान समजावून सांगावे लागत नाही. पहिल्या पानावरचा पांढरा रंग पाहून ‘कापूस सांडला का?’ असे त्याने विचारले, तर विचारू द्यावे. ‘हिम’ हा पुस्तकी शब्द घाईने पुढे करू नये.

युक्रेनच्या हातमोज्याच्या लोककथेत ऊब दाटीतून येते. म्हाताऱ्याचा मोजा बर्फात पडतो. उंदीर, बेडूक, ससा, कोल्हा, लांडगा, रानडुक्कर, अस्वल एकेक करून त्यात शिरतात. येवगेनी राचेव यांच्या चित्रांत त्या मोज्याला हळूहळू शिडी, खिडकी आणि धुराडे येते. मोज्याचे घर होताना डोळ्यांना दिसते, शब्दांना ते सांगावे लागत नाही. एका गोधडीत तिघे झोपणाऱ्या घरात ही गोष्ट लगेच कळते. शेवटी कुत्रा भुंकतो आणि सारे पांगतात. असा न गोंजारणारा शेवट मला मोलाचा वाटतो.

रेमंड ब्रिग्ज यांच्या ‘द स्नोमॅन’मध्ये (1978) एकही शब्द नाही, त्यामुळे ते आपल्या बोलीत सांगायला मोकळे आहे. त्या बर्फाच्या माणसाचे नाक संत्र्याच्या जातीच्या फळाचे आहे. आंबिया बहराची तोड पाहिलेले मूल आधी तेच ओळखील. मात्र इथे घराची ऊबच त्या पाहुण्याच्या जिवावर उठणारी आहे आणि सकाळी तो वितळलेला असतो. अगदी लहान मुलाला झोपवताना हे पुस्तक घेऊ नये. दिवसा, प्रश्नांना वेळ देऊन वाचावे.

बाजारात दिसणारी आणखी एक जात मी बाजूला ठेवतो : सूचिपर्णी झाडे, धुराड्याचे घर तसेच ठेवून मुलांना फक्त मराठी नावे दिलेली पुस्तके. त्यांत न तिथला हिवाळा राहतो, न इथला येतो.

मराठी चित्रपुस्तकाची ताकद कमी नाही. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ने आई, बाबा, आजी यांना त्यांच्या रोजच्या हालचालींसह चित्रात आणले. त्या घरापासून आमच्याकडचा हिवाळा फार दूर नाही. पण तुरीचे सोले सोलणारी आजी, कापूस वेचून आलेल्या आईचे फाटलेले हात आणि मुख्यतः रात्रीचे ओलीत माझ्या पाहण्यातल्या चित्रपुस्तकांत नाही. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते. मूल गोधडीत असते, तेव्हा बाप गव्हाला पाणी देत गारठ्यात उभा असतो. अंधारात त्याच्या बॅटरीचा उजेड तेवढा हलताना दिसतो.

परदेशी पुस्तकांतली ऊब बहुतेक वेळा घरात तयार असते. मूल बाहेरून येते आणि ती त्याला मिळते. आमच्याकडे ती मिळावी म्हणून कोणीतरी बाहेर गेलेले असते. हे चित्र काढणारा कोणी भेटेपर्यंत वर सांगितलेली पुस्तके जरूर वाचावीत. मात्र पीटरची आई मोजे काढते त्या पानावर थांबून, आपल्या घरातले कोण आत्ता थंडीत आहे, हे मुलाला विचारावे. उत्तर त्याच्याकडे असते.