विज्ञानकाल्पनिक भूमिकाखेळाच्या ध्वनिमुद्रणांचा प्रसार : संहिता, कर्तृत्व आणि श्रोता

गोषवारा :
टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांची ध्वनिमुद्रणे इतरांना ऐकण्यासाठी खुली करण्याची प्रथा एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दृढ झाली. प्रस्तुत लेखात विज्ञानकाल्पनिक भूमिकाखेळांच्या अशा मुद्रणांचा मौखिक कथनाचा एक प्रकार म्हणून विचार केला आहे. खेळाचे वाङ्मयीन मूल्य त्यातील कथानकापेक्षा निर्णय घडण्याच्या प्रक्रियेत अधिक असते; म्हणून ही प्रक्रिया ऐकू येते की नाही, हाच मुद्रणाच्या समीक्षेचा निकष असावा, असे प्रतिपादन येथे केले आहे. या निकषाचा बहुभाषिक ग्रामीण परिसराशी असलेला संबंध लोणखेडा (ता. शहादा, जि. नंदुरबार) परिसराच्या संदर्भात तपासला आहे.

बीजशब्द : भूमिकाखेळ, विज्ञानकथा, ध्वनिमुद्रण, मौखिकता, सहकर्तृत्व, बोली.

प्रस्तावना :
मौखिक रचना आणि तिची नोंद यांत पडणारे अंतर खानदेशातील अभ्यासकांना परिचित आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात काम करताना त्यांनी रचलेली गाणी सोपानदेव चौधरी आणि पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने वाचकांसमोर येऊ शकली. जे टिपले गेले ते कविता म्हणून उरले. जे टिपले गेले नाही ते त्या क्षणाबरोबर विरले. टिपलेल्या ओळींतही हाताचे काम, मध्येच घेतलेला श्वास आणि ऐकणाऱ्याची दाद या गोष्टी येऊ शकल्या नाहीत.

भूमिकाखेळ हाही अशाच क्षणिक कथनाचा प्रकार आहे. मात्र त्याची नोंद ध्वनिमुद्रणाने होऊ शकते व ती अल्पावधीत दूरवर पोहोचते. नोंद सुलभ झाली म्हणजे नोंदीचे प्रश्न संपले असे नाही. त्यांचे स्वरूप बदलले, एवढेच म्हणता येईल. काय नोंदवावे, काय वगळावे, कर्ता कोणाला म्हणावे आणि ऐकणाऱ्याचे स्थान कोणते, या प्रश्नांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. भूमिकाखेळाचे स्वरूप :
१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराला प्रारंभ झाला. त्याचे विश्व अद्भुतरम्य होते. १९७७ मध्ये आलेल्या मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’ या खेळाने हा प्रकार अंतराळप्रवासाच्या विज्ञानकाल्पनिक विश्वात नेला. खेळातील एक जण सूत्रधार असतो, तर उरलेले प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो आणि खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात. एखाद्या कृतीच्या यशाविषयी शंका असेल तेव्हा फासे टाकून निर्णय होतो. एकच कथा अनेक बैठकांत पुढे नेली जाते, तेव्हा तिला ‘कॅम्पेन’ म्हणजे मोहीम असे म्हणतात.

फासा हा येथे केवळ साधन नसून कथनातील एक कर्ता आहे. ‘ट्रॅव्हलर’च्या २००८ च्या आवृत्तीतील सर्वसाधारण नियमानुसार सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज आठ किंवा अधिक आल्यास कृती यशस्वी होते. कौशल्याची भर वा अडचणीची घट धरली नाही, तर छत्तीस शक्यतांपैकी पंधरा, म्हणजे सुमारे ४२ टक्के शक्यता यशाच्या असतात. १९७७ च्या नियमांत तर पात्राचा पूर्वेतिहास घडवत असतानाच, प्रत्यक्ष कथा सुरू होण्यापूर्वी, फाशाच्या निकालाने ते पात्र मरण पावू शकत असे. शेवट कोणालाच ठाऊक नसणे हे या कथनाचे मूलभूत लक्षण होय.

मराठी विज्ञानकथेशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने पाठवलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पुरस्कारप्राप्त ठरली व मराठी विज्ञानकथेच्या नव्या पर्वाला गती मिळाली. हे पर्व मुख्यतः लिखित लघुकथेचे होते. तेथे वैज्ञानिक कल्पना, तिचा विकास आणि उकल यांवर एका लेखकाचे नियंत्रण असते. भूमिकाखेळात हे नियंत्रण सूत्रधार, खेळाडू, नियम आणि फासे यांत विभागलेले असते.

२. नोंदीचे तीन मार्ग :
खेळलेल्या कथेची नोंद आजवर प्रामुख्याने तीन मार्गांनी झालेली दिसते. पहिला मार्ग कादंबरीचा. ‘द एक्स्पान्स’ ही कादंबरीमालिका डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक यांनी जेम्स एस. ए. कोरी या संयुक्त नावाने लिहिली. तिचे सूर्यमालाव्यापी विश्व फ्रँक यांनी चालवलेल्या भूमिकाखेळातून आकाराला आले होते. २०११ मधील ‘लेव्हायथन वेक्स’पासून २०२१ पर्यंत या मालिकेच्या नऊ कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. कादंबरीत फासे दिसत नाहीत. जे योगायोगाने घडले ते आता लेखकाच्या योजनेचा भाग भासते. साहित्यकृती म्हणून हे योग्यच आहे; परंतु खेळ म्हणून जे होते ते तेथे नाहीसे झाले आहे.

दुसरा मार्ग मुद्रित संवादाचा. जपानमध्ये १९८६ मध्ये ‘कॉम्प्टिक’ या मासिकाने ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ या मोहिमेचे संवादरूप वृत्तांत छापले. सूत्रधार र्यो मिझुनो यांनी पुढे त्याच कथेवर कादंबऱ्या लिहिल्या. त्या मोहिमेतील डीडलिट ही तरुणी विज्ञानकथालेखक हिरोशी यामामोतो यांनी साकारली होती. छापील पानावर पुरुष खेळाडूचा आवाज आणि स्त्री पात्राचे बोलणे यांतील अंतर ऐकू येत नाही. खेळाडू आणि पात्र यांतील हा ताण भूमिकाखेळाचा आशयच असतो आणि तो अक्षरांत पुसट होतो.

तिसरा मार्ग ध्वनिमुद्रणाचा. ‘फ्रेंड्स अॅट द टेबल’ या गटाची २०१५ मध्ये सुरू झालेली ‘काउंटरवेट’ ही विज्ञानकाल्पनिक मोहीम या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ऑस्टिन वॉकर तिचे सूत्रधार होते. प्रारंभी ‘मेकनॉयर’ या नियमसंचाने चाललेली ही मोहीम पुढे ‘द स्प्रॉल’ या दुसऱ्या नियमसंचाकडे वळली. बड्या सत्तांमधील संघर्षासाठी ‘स्टार्स विदाउट नंबर’ या तिसऱ्या खेळाच्या नियमांचा आधार घेण्यात आला. कादंबरीकार असा पालट वाचकापासून लपवू शकतो. येथे मात्र तो श्रोत्याच्या समोर होतो. कथा कोणत्या नियमांनी पुढे जाते आणि नियम बदलताच तिची प्रकृती कशी बदलते, हे ऐकता येते. ध्वनिमुद्रणाचे वाङ्मयीन वैशिष्ट्य येथे आहे.

३. प्रसाराचा खेळावर होणारा परिणाम :
अल्बर्ट लॉर्ड यांनी ‘द सिंगर ऑफ टेल्स’ (१९६०) या ग्रंथात असे दाखवून दिले की मौखिक महाकाव्याचा गायक पाठ केलेली संहिता म्हणत नाही. प्रत्येक सादरीकरण ही नवी रचना असते आणि समोरचा श्रोता तिच्यावर परिणाम करतो. आपल्याकडे गोष्ट ऐकताना ‘हूं’ म्हणणारा लागतो, त्यामागील जाणीव हीच आहे. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. पूर्वीच्या तमाशातील वग लिखित संहितेशिवाय उभा राहत असे तोही समोरच्या प्रतिसादावर.

भूमिकाखेळात हा हुंकार टेबलाभोवतीचे सहखेळाडूच देतात. मुद्रणाचा प्रसार सुरू झाला की दुसरा, न दिसणारा श्रोता तेथे येऊन बसतो. ‘क्रिटिकल रोल’ या प्रसिद्ध कार्यक्रमाचे उदाहरण अद्भुतरम्य खेळाचे असले तरी येथे उपयुक्त आहे. त्यातील व्यावसायिक आवाज-कलाकारांची मोहीम घरगुती खेळ म्हणून २०१२ मध्ये सुरू झाली. मार्च २०१५ मध्ये तिचे प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा ‘पाथफाइंडर’चे नियम सोडून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची पाचवी आवृत्ती स्वीकारण्यात आली. प्रक्षेपणाबरोबर नियम बदलले आणि आधीचा घरगुती खेळ श्रोत्यांना सारांशरूपानेच उरला. २०१९ मध्ये याच कथेच्या सचेतपटासाठी चाहत्यांनी एक कोटी दहा लाखांहून अधिक डॉलर दिले. हे यश निःसंशय मोठे आहे. तथापि सूत्रधार मॅथ्यू मर्सर यांच्यासारखेच कथन आपल्या सूत्रधारानेही करावे, अशी अपेक्षा नव्या खेळाडूंत वाढली आणि तिला ‘मर्सर इफेक्ट’ असे नावही मिळाले.

काटछाट न केलेले मुद्रण अस्सल आणि संपादित मुद्रण कृत्रिम, अशी सोपी विभागणी मात्र करता येत नाही. ‘क्रिटिकल रोल’चे प्रारंभीचे तीन-चार तासांचे भाग थेट प्रक्षेपित होत, तरीही त्यांतील अभिनय सराईत होता. उलट संपादित मुद्रणातही खेळाडूंची चर्चा राखता येते. खरा निकष असा : निर्णय कसा झाला हे श्रोत्याला ऐकू येते काय? फासा पडण्यापूर्वीचा संकोच, नियमाविषयीचा मतभेद, ‘असे नको, दुसरे काही करू’ ही विनंती आणि अपयश स्वीकारण्याचा क्षण राखला गेला असेल, तर ते खेळाचे मुद्रण होय. हे सर्व वगळून केवळ कथा उरवली, तर ते श्रुतिकेच्या जवळ जाते आणि मग त्याला श्रुतिकेचेच निकष लावावे लागतात. त्या निकषांवर ते बहुधा दुबळे ठरते, कारण लिहिलेल्या श्रुतिकेची बांधेसूद घडण त्याच्यापाशी नसते.

४. कर्तृत्व आणि संमती :
भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने ‘सादरकर्ता’ या संज्ञेची व्याख्या समाविष्ट केली. तीत नट, गायक, वादक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार, गारुडी, व्याख्याता आणि सादरीकरण करणारी अन्य कोणतीही व्यक्ती येते. इतक्या व्यापक व्याख्येत भूमिकाखेळातील खेळाडू बसू शकेल, असा युक्तिवाद करता येतो. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला नामनिर्देशाचा आणि विकृतीकरणाला हरकत घेण्याचा अधिकार दिला. त्याच तरतुदीच्या स्पष्टीकरणानुसार, संपादनासाठी वा कालमर्यादेत बसवण्यासाठी केवळ काही भाग वगळला, तर सादरकर्त्याच्या प्रतिष्ठेला बाध आला असे मानले जात नाही. कायदा येथे थांबतो. काय वगळले याचा जाब समीक्षेलाच विचारावा लागेल.

नामनिर्देशाचा उत्तम मराठी आदर्श जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात आढळतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटेवां यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संग्रहाने त्या प्रकाशित करण्यास आरंभ केला. तेथे ओवीबरोबर गाणाऱ्या स्त्रीचे नाव आणि गाव दिले जाते. ‘लोकगीत’ या सर्वसमावेशक शब्दाखाली व्यक्ती पुसली जात नाही. भूमिकाखेळाच्या मुद्रणातही सूत्रधाराइतकेच प्रत्येक खेळाडूचे कर्तृत्व नोंदवले गेले पाहिजे.

मात्र भूमिकाखेळात एक अधिकची गुंतागुंत आहे. ओवीत बाई बहुधा स्वतःचे सुखदुःख सांगते. खेळाडू दुसऱ्याच्या तोंडचे बोलतो. क्रूर शासकाची भूमिका घेतलेल्या विद्यार्थ्याचे दोन वाक्यांचे तुकडे मोबाइलवरून फिरले, तर ते त्याचेच मत समजले जाण्याचा धोका असतो. सर्व सर्वांना ओळखतात अशा गावात या धोक्याचे परिणाम गंभीर असू शकतात. म्हणून खेळण्याची संमती आणि मुद्रण खुले करण्याची संमती या दोन स्वतंत्र बाबी मानणे आवश्यक आहे.

५. लोणखेडा परिसर आणि भाषेचा प्रश्न :
शहादा शहरालगतचे लोणखेडा हे सातपुडा आणि तापी यांच्या दरम्यानच्या प्रदेशातील गाव. या परिसरात अहिराणी, गुजरी, भिलोरी, पावरी आणि मराठी या भाषा शेजारीशेजारी नांदतात. येथील विद्यार्थ्यापर्यंत विज्ञानकाल्पनिक भूमिकाखेळ पोहोचलाच, तर तो प्रामुख्याने इंग्रजीतील सफाईदार मुद्रणांच्या रूपाने पोहोचणार. म्हणजे या प्रकाराशी त्याची पहिली ओळख खेळाडू म्हणून न होता श्रोता म्हणून होते.

शहादा परिसरातील आदिवासी चळवळीतून पुढे आलेले कवी वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेने हाच प्रश्न वेगळ्या संदर्भात उभा केला होता : मंचावर कोण बसतो, खाली कोण बसतो आणि खालच्यांचे दुःख त्यांच्या वतीने कोण सांगतो. विज्ञानकथेच्या बाबतीत तो असा मांडता येईल की, भविष्यकाळ कोणत्या भाषेत बोलतो आणि कोणाला तो नुसता ऐकावा लागतो?

या संदर्भात खेळाची साधने लक्षणीय ठरतात. ‘ट्रॅव्हलर’सारख्या खेळाला वही, पेन्सिल आणि सहा बाजूंचे फासे लागतात, लुडोचे दोन फासे त्यासाठी पुरेसे आहेत. मुद्रणासाठी साधा मोबाइल चालतो. अडसर साधनांचा नसून ‘आपल्याला असे बोलता येणार नाही’ या भावनेचा आहे आणि अतिसफाईदार मुद्रणे ती भावना दृढ करतात. याउलट अडखळत, नियम विचारत, हसत खेळलेल्या बैठकीचे मुद्रण ऐकणाऱ्याला ‘हे आपल्यालाही जमेल’ असे सुचवते. ओबडधोबडपणाचे हे शैक्षणिक मूल्य समीक्षेने ओळखले पाहिजे.

भाषेच्या दृष्टीनेही हा प्रकार महत्त्वाचा आहे. लेखक पारिभाषिक शब्दासाठी थांबू शकतो, कोश पाहू शकतो. पावरीत किंवा अहिराणीत खेळणाऱ्याला निर्वात अवकाश, कृत्रिम गुरुत्व वा यानाचा बिघाड याविषयी त्याच क्षणी बोलावे लागेल. तो मराठी शब्द घेईल, इंग्रजी शब्द वाकवेल किंवा शेतातल्या, पाण्याच्या मोटारीच्या अनुभवातून नवा शब्द घडवेल. तीनही पर्याय भाषाभ्यासाच्या दृष्टीने मोलाचे आहेत आणि मुद्रण हा त्यांचा पुरावा ठरेल. मात्र संपादनात हीच अडखळण सर्वप्रथम कापली जाण्याची शक्यता असते.

निष्कर्ष :
१. विज्ञानकाल्पनिक भूमिकाखेळाचे ध्वनिमुद्रण हा कादंबरी व श्रुतिका यांहून भिन्न असा मौखिक कथनप्रकार आहे. अनिश्चितता हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण होय.
२. निर्णयप्रक्रिया श्राव्य असणे हा अशा मुद्रणाच्या मूल्यमापनाचा मुख्य निकष असावा. संपादन केले असल्यास त्याचे स्वरूप मुद्रणाबरोबर जाहीर करावे.
३. सूत्रधार, सर्व खेळाडू आणि वापरलेला नियमसंच यांची नोंद संहितेचा भाग मानावी.
४. खेळात सहभाग आणि मुद्रणाचा प्रसार यांसाठी स्वतंत्र संमती घ्यावी, तसेच ती मागे घेण्याची मुभा असावी.
५. लोणखेड्यासारख्या बहुभाषिक परिसरातील महाविद्यालयांच्या भाषा व विज्ञान विभागांना बोलीभाषांतील भूमिकाखेळ हा संयुक्त उपक्रम म्हणून हाती घेता येईल. त्याचे यश श्रोत्यांच्या संख्येने मोजू नये. मुद्रण ऐकून किती नवे गट स्वतः खेळू लागले, यावरून ते ठरवावे.