दंडीचा लाघवी धूर्त आणि त्याचा श्रोता

‘कादंबरी’ हे नाव मराठीने बाणभट्टाच्या ग्रंथावरून घेतले. परंतु आज आपण ज्या वाङ्मयप्रकाराला हे नाव देतो, त्याचे अधिक जवळचे नाते दंडीच्या ‘दशकुमारचरिता’शी आहे. सर्वसाधारणपणे सातव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या या गद्यग्रंथात घरफोडी, वेषांतर, द्यूत आणि फसवणूक यांचे जे जग उभे राहते, त्याला आजच्या परिभाषेत गुन्हेगारी कादंबरीचे जग म्हणण्यास हरकत नसावी. मुंबई संस्कृत ग्रंथमालेत १८७३ आणि १८९१ मध्ये ब्यूलर व पीटर्सन यांनी तो दोन भागांत संपादित केला. पुढे त्याची सुधारित आवृत्ती सिद्ध करणाऱ्या ग. ज. आगाशे यांना तर ‘काव्यादर्शा’चा कर्ता आणि या कथांचा कर्ता एकच असावा, हेच मान्य होईना. ही शंका बोलकी आहे. शास्त्रकाराने धूर्तावर लोभ करावा, हे पंडितांना नेहमीच अडचणीचे वाटत आले आहे.

हा धूर्त आपल्याला आवडतो कसा? ग्रंथाची रचनाच त्याचे उत्तर देते. ताटातूट झालेले कुमार पुन्हा एकत्र येतात आणि आपापली हकीकत राजवाहनाला सांगतात. म्हणजे प्रत्येक गुन्हा येथे कबुलीजबाबाच्या नव्हे, तर मित्रमेळ्यातील गप्पांच्या सुरात येतो. चंपानगरीतील कृपणांना भिकेला लावणारा अपहारवर्मा आपली करामत सांगून संपवतो, तेव्हा राजवाहन केवळ स्मित करतो आणि चौर्यशास्त्राचा आचार्य जो कर्णीसुत, त्यालाही तू मागे टाकलेस, अशी दाद देतो. न्यायाधीशाच्या जागी दंडीने मित्र बसवला आहे. आणि वाचक नकळत त्या मित्राशेजारी जाऊन बसतो.

या रचनेची खरी कसोटी लागते ती अर्थपालाच्या कथेत. ही कथा काशीत घडते. तेथे त्याला मरणाची तयारी केलेला पूर्णभद्र नावाचा जुना चोर भेटतो. मृत्युविजय नावाच्या हत्तीकडून देहान्त होण्याची शिक्षा झालेली असताना त्याने त्या हत्तीलाच पिटाळून लावले होते, आणि मंत्री कामपालाने प्रसन्न होऊन त्याला अभय दिले होते. तोच कामपाल आता राजा सिंहघोषाच्या रोषास पात्र झाला असून त्याचे डोळे काढण्याची आज्ञा झाली आहे. कामपाल आपला पिता आहे हे अर्थपाल जाणतो. वधस्थळाजवळच्या झाडावर चढून तो पित्याच्या अंगावर साप टाकतो, मंत्रसामर्थ्याने विष रोखून धरतो, आणि मृत समजून सोडलेल्या देहाला पुढे शुद्धीवर आणतो. नंतर भुयार खणून तो निद्रिस्त राजालाच पकडतो. सत्यजित राय यांच्या ‘जय बाबा फेलुनाथ’ या काशीतच घडणाऱ्या रहस्यकथेत भोंदू बाबाचे सोंग उघडे पडते आणि व्यवस्था पूर्ववत होते. दंडीच्या काशीत मात्र सोंग यशस्वी होते आणि राज्यच हात बदलते.

पितृभक्तीचे अस्तर लावलेली ही फसवणूक वाचकाला सहज पचते. परंतु या प्रसंगात एक छोटे वाक्य आहे. पित्याला डसल्यावर साप तेथे उभ्या असलेल्या चांडाळालाही डसतो आणि भयाने पांगलेल्या गर्दीतून निसटून जातो. राजाज्ञेची दवंडी देण्यापलीकडे या माणसाचा अपराध नाही. ज्या मंत्राने पिता वाचतो, तो त्याच्यासाठी म्हटला जात नाही. कथनही पुन्हा त्याच्याकडे वळत नाही.

हे वाक्य केवळ गर्दी पांगवण्यासाठी आले आहे, असा बचाव करता येईल. तथापि, तो पुरेसा नाही. स्पॅनिश ‘लाझारिओ’चा (१५५४) नायक भुकेपोटी लबाडी शिकतो, दंडीचे धूर्त मात्र जन्माने कुमार आहेत आणि त्यांच्या लाघवाला कुळाचे तारण आहे. पूर्णभद्र कितीही शूर असला, तरी तो सहायकच राहतो. चांडाळ तर तेवढाही उरत नाही. धूर्ताचे आकर्षण हा केवळ त्याच्या स्वभावाचा गुण नसून, हकीकत कोण सांगतो आणि ऐकायला कोण बसला आहे, यावर ते अवलंबून असते.

म्हणून दंडीला अनीतिमान ठरवावे, असे नाही. उलट, ते वाक्य त्याने गाळले नाही, ही त्याच्या वास्तवदृष्टीची खूण मानावी लागेल. दलित साहित्यानंतरच्या मराठी वाचकाला मात्र राजवाहनाशेजारी बसून निर्धास्त हसता येणार नाही. त्याने हसावे जरूर, कारण कथा त्या योग्यतेची आहे. पण झाडाखाली पडलेल्या त्या दुसऱ्या माणसाकडेही पाहावे.