वेताळाच्या चपला

मराठी इंद्रजाल कॉमिक्समध्ये ‘फँटम’चा ‘वेताळ’ झाला, ते काम नुसत्या भाषांतराचं नव्हतं. ली फॉकने १९३६ साली वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत उभा केलेला हा नायक म्हणजे एक घराणं आहे. बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि जंगलातल्या लोकांना वाटतं, हा एकच पुरुष शतकानुशतकं मरत नाही. इकडे वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळालाच, लोक भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री राखणीला फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. दहिसरला आमच्या चाळीत कोकणातल्या आज्या होत्या. नातवाच्या हातातल्या पुस्तकावरचं नाव वाचून दाखवलं की वेताळ कोण, हे त्यांना सांगावं लागत नसे. अमेरिकी नायकाला मराठीत इतकं खोल मूळ नंतर कुणी दिलं नाही.

सुपरमॅन १९३८चा, स्पायडरमॅन १९६२चा. दोघांची गोष्ट दुहेरी आयुष्यावर उभी आहे. क्लार्क केंटचा चष्मा कुणाला फसवेल, हा प्रश्न मला गौण वाटतो. शेजारच्याला शेजारी माहीत नसलेल्या महानगरात तो चष्मा पुरतो. पीटर पार्करचं दुखणं जास्त खरं आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहणारा, पैशांच्या ओढाताणीतला, काकूच्या काळजीने पोखरलेला हा मुलगा आम्हा उपनगरी वाचकांना लगेच आपला वाटतो. २००६च्या ‘सिव्हिल वॉर’मध्ये त्याने पत्रकारांसमोर मुखवटा काढला, तेव्हा एक धाडसी दार उघडलं होतं. दीड वर्षातच सैतानाशी सौदा घडवून प्रकाशकांनी ते बंद केलं. मला ती माघार आजही खुपते.

२००४ साली भारतीय आवृत्तीत याच पीटरचा पवित्र प्रभाकर झाला. मुंबई आली, धोतर आलं, शक्ती देणारा योगी आला. पण काकाचा मृत्यू, माया काकू, मीरा जैन, सगळे सांधे जुनेच. ज्या शहरात कोणाकडे काय शिजतंय ते जिन्यातच कळतं, तिथे गुपित टिकतं कसं? खरी मुंबईची गोष्ट इथून सुरू झाली असती. तिला कुणी हातच घातला नाही.

आबिद सुरतींचा बहादूर मला म्हणूनच मोठा वाटतो. १९७६ साली इंद्रजालमध्येच आलेल्या या नायकाला मुखवटा नाही. तो डाकूचा मुलगा आहे, बापाला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानेच त्याला वाढवलंय आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे. लपवण्यासारखं काही नसलं तरी पुसण्यासारखं बरंच आहे.

मराठीत मात्र असा स्वतःचा नायक रुजला नाही. हात होते. चित्रकार प्रताप मुळीकांनी अमर चित्र कथा गाजवली, ‘नागराज’ला रूप दिलं, पण तो नायक बोलला हिंदीत.

मला हवा असलेला नायक मी २६ जुलै २००५ला पाहिलाय. दहिसर नदीचं पाणी गल्लीत शिरलं होतं. कमरेला दोर बांधून एक पोरगा म्हाताऱ्यांना बाहेर काढत होता. तो कोण, कितवीत नापास झाला, कोणाची उधारी बाकी आहे, अख्ख्या गल्लीला माहीत होतं. त्याची आई गॅलरीतून नाव घेऊन हाका मारत होती, वर ये म्हणून. तो वर आला नाही.